जुन्या भागांतून घरच्या गॅरेजमध्ये हॉट रॉड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत घर घेतलं, घराबरोबर दोन गाड्यांचं गॅरेज आलं आणि आता हात शिवशिवताहेत, अशा मराठी मंडळींकडून हे प्रश्न सतत येतात. काही पुण्या-कोल्हापूरहूनही येतात. प्रत्येकाला तेच ते लिहिण्यापेक्षा सगळं इथे एकत्र केलं आहे. आधी प्राथमिक प्रश्न, पुढे अडचणीचे.

१. हॉट रॉड आणि रिस्टोअर केलेली जुनी गाडी, यात फरक काय?

रिस्टोरेशनमध्ये गाडी कारखान्यातून निघाली तशी परत करायची असते, अगदी स्क्रूच्या डोक्यापर्यंत. हॉट रॉडमध्ये जुन्या गाडीतलं जड आणि बिनकामाचं काढून टाकायचं (मडगार्ड बहुतेक वेळा जातातच), जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं आणि पुढचा भाग खाली आणायचा. 'ट्रॅडिशनल' म्हणायची तर साधारण १९६५ पूर्वी एखाद्या पोराने घरामागच्या शेडमध्ये जे भाग वापरून ती बनवली असती, तेच भाग आणि तीच धाटणी. फायबरची बॉडी, डिजिटल मीटर, कॉम्प्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन आलं की ती स्ट्रीट रॉड. तीही मजेची गाडी, पण हे पान तिच्यासाठी नाही.

२. हे खूळ कॅलिफोर्नियातच का सुरू झालं?

लॉस एंजेलिसपासून काही तासांवर मोहावे वाळवंटात म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली तळी आहेत. मैलोन्‌मैल सपाट, टणक जमीन. गाडी किती पळते हे बघायला याहून चांगली जागा नाही. दुसरं म्हणजे फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी बनवल्या होत्या. तिशीच्या दशकात त्या भंगाराच्या भावात मिळायच्या. तिथल्या रस्त्यांवर बर्फासाठी मीठ पडत नाही, त्यामुळे पत्राही शाबूत. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली आणि या शर्यतींना नियम आले. महायुद्धात म्युरॉक लष्कराकडे गेलं, आज तिथे एडवर्ड्‌स हवाई तळ आहे. युद्धावरून परतलेल्या पोरांच्या हातात विमानं आणि ट्रक दुरुस्त करण्याचं कसब होतं. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' मासिक निघालं, १९४९ पासून बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाचा सप्ताह भरू लागला, १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन आली.

३. सगळे फोर्डच का घेतात? शेव्हरोले, डॉज का नाही?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा, कारण घरच्या घरी हे काम जमण्याचं मूळ इथे आहे.

हेन्री फोर्ड हट्टी माणूस. बाकीच्या कंपन्या पुढे गेल्या तरी त्याने पुढेमागे एकेक आडवा स्प्रिंगचा पाटा, सलग ॲक्सल आणि बंद नळीतून जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडला नाही. मॉडेल टीपासूनची ही रचना १९४८ पर्यंत टिकली. १९४९ च्या फोर्डमध्ये ती बदलली तेव्हा हेन्री हयात नव्हता. ग्राहकांचं त्यात किती भलं झालं ते सोडा, पण आपला फायदा असा की १९२८ ते १९४८ या वीस वर्षांतल्या फोर्डचे भाग एकमेकांचे चुलतभाऊ आहेत. १९४० चे हायड्रॉलिक ब्रेक १९३२ च्या ॲक्सलवर थोड्या फेरफाराने बसतात. १९३९ चा तीन स्पीडचा गिअरबॉक्स १९३२ ते ४८ मधल्या कुठल्याही व्ही-८ ला (इंग्रजी 'व्ही'च्या आकारात आठ सिलेंडर असलेलं इंजिन) लागतो. मॉडेल ए (१९२८ ते ३१ ची फोर्ड) ची बॉडी १९३२ च्या चासीवर बसवणं ही तर जुनी रीतच. चाकांचे पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर, हे माप १९३६ ते ३९ सोडलं तर १९४८ पर्यंत तेच.

म्हणून भाग गोळा करताना एक पथ्य पाळा: शक्यतो याच घराण्यात राहा. तीन कंपन्यांचे, चार दशकांचे सुटे भाग स्वस्तात मिळाले म्हणून जमवलेत की प्रत्येक जोडणीला अडॅप्टर, प्रत्येक अडॅप्टरला लेथवाला, आणि गाडी कायम अर्धवट.

४. पहिल्यांदाच करतोय. कोणतं मॉडेल घेऊ?

मॉडेल ए, १९२८ ते १९३१. भरपूर बनल्या, भरपूर उरल्या, आणि तिचा जवळजवळ प्रत्येक नट आजही नवीन मिळतो. १९३२ ची फोर्ड म्हणजे प्रसिद्ध 'ड्यूस'. ती सगळ्यांनाच हवी असते: ती बॉडी एकच वर्ष बनली, चासीच्या बाजूच्या पट्टीवरचा दाबलेला उठाव मडगार्ड काढल्यावर उघडा पडून सुंदर दिसतो, आणि स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन देणारं ते पहिलं वर्ष. भावही तसेच. पहिल्या गाडीसाठी तिच्या मागे लागू नका.

मॉडेल ए ची चासी मात्र हलकी आहे. चाळीस हॉर्सपॉवरच्या चार सिलेंडरसाठी ती ठीक होती. व्ही-८ टाकायचा तर आतून पट्ट्या वेल्ड करून ती बंद पेटीसारखी करावी लागते आणि मधले आडवे मेंबर बदलावे लागतात. मागचा ॲक्सलही ए चा ठेवू नका, चाळिशीच्या दशकातल्या फोर्डचा घ्या.

५. जुनी बॉडीच हवी का? नवीन पत्र्याची चालेल?

चालेल. ओहायोतली ब्रुकव्हिल कंपनी मॉडेल ए आणि १९३२ च्या रोडस्टरच्या (उघड्या, दोन सीटच्या गाडीच्या) बॉड्या नव्या पत्र्यात बनवते. पैसे पाच आकडी डॉलरमध्ये जातात, आणि कट्टर मंडळी नाकं मुरडतात. पण खालून एक फूट सडलेली जुनी बॉडी नीट करायला जे पत्रे, वेल्डिंग आणि महिने लागतात त्याचा हिशेब मांडला तर नवी बॉडी नेहमीच महाग पडते असं नाही. माझं मत विचाराल तर बॉडी नवी आणि खालचं सगळं जुनं असलेली गाडी ट्रॅडिशनलच म्हणायची. उलटं केलंत तर अवघड आहे.

६. जुने भाग मिळतात कुठे?

पेनसिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरमध्ये भरणारा जुन्या भागांचा बाजार एकदा तरी बघाच. पायात चांगले बूट हवेत आणि खिशात रोख. कॅलिफोर्नियात पोमोनाला असाच बाजार वर्षातून अनेकदा भरतो. तिथे पहाटे, अंधारातच, टॉर्च घेऊन लोक फिरत असतात, उजाडेपर्यंत चांगला माल गेलेला असतो.

याहून चांगला मार्ग म्हणजे हॉट रॉड बनवणाऱ्या म्हाताऱ्यांची गॅरेजं. ऐंशीच्या घरातला माणूस घर विकतो, मुलांना त्या सामानात रस नसतो, आणि तीन गाड्यांचा ऐवज एका ट्रेलरमध्ये मिळतो. त्यासाठी गावातल्या जुन्या फोर्डच्या क्लबात जाऊन बसावं लागतं. घासाघीस तिथे जपून करा. 'लास्ट प्राइस काय' हा आपला पहिलाच प्रश्न त्या मंडळींना रुचत नाही. आधी भागाबद्दल बोला, तो कुठल्या गाडीतून निघाला ते विचारा, भाव आपोआप येतो.

७. 'टायटल नाही, फक्त बिल ऑफ सेल' असं म्हणतात. घेऊ का?

टायटल म्हणजे मालकीचा सरकारी कागद, बिल ऑफ सेल म्हणजे नुसती विक्रीची पावती. आधी नंबर बघा, मग पैशाचं बोला. जुन्या फोर्डला आजच्यासारखी काचेमागची पट्टी नसते. नंबर चासीच्या डाव्या पट्टीच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो. १९३२ वर तो तीन ठिकाणी मिळतो आणि पुढचा बॉडी न काढता बघता येतो. मॉडेल ए ला तो बॉडीच्या खाली दडलेला असतो, बॉडी थोडी उचलावी लागते. आणि मॉडेल ए ला तोच नंबर मुळात इंजिन ब्लॉकच्या डाव्या बाजूला असतो. इंजिन बदललेलं असेल, आणि बहुतेक वेळा असतंच, तर टायटलवर इंजिनचा नंबर आणि चासीवर भलताच, असा घोळ सापडतो.

तार ब्रशने जपून गंज काढा, मग खडू आडवा घासा, आकडे उमटतात. पहिल्या आणि शेवटच्या आकड्याच्या बाजूला एक चांदणी असते. आकडे वेडेवाकडे, खोली कमीजास्त, हे चालेल. ते हातानेच ठोकले जात. पण त्या जागी ग्राइंडरच्या खुणा दिसल्या तर तिथून निघा. नंबर खोडणं किंवा पुन्हा ठोकणं हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि हे 'पूर्वीच्या मालकाने केलं' म्हणून गाडी वाचत नाही.

नंबर स्वच्छ आहे, फक्त कागद नाहीत, तर बऱ्याच राज्यांत बॉण्ड भरून टायटल काढता येतं. आपल्या राज्याच्या मोटार खात्यात आधी विचारा. चासीच नवी असेल तर वेगळी गोष्ट, तिच्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

८. कॅलिफोर्नियात राहतो. स्मॉग टेस्टचं (धुराच्या सरकारी चाचणीचं) काय?

१९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना ती लागत नाही. म्हणजे खऱ्या नंबरची, १९३१ ची फोर्ड म्हणून नोंदलेली गाडी सुटली. नवी चासी, नवी बॉडी असं जोडून बनवलेली गाडी मात्र 'स्पेशली कन्स्ट्रक्टेड' या वर्गात जाते. या वर्गातल्या वर्षाला पहिल्या ५०० गाड्यांना इंजिनच्या किंवा बॉडीच्या धाटणीवरून चाचणीपुरतं गाडीचं वर्ष ठरवून घेण्याची सोय आहे. अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच टाका. नवी बनवलेली गाडी '१९३२ फोर्ड' म्हणून नोंदवून देणारे एजंट भेटतील. त्या फंदात पडू नका.

९. दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये जमेल का? हत्यारं काय लागतील?

जमेल, पण रोजची गाडी बाहेर उभी राहील हे घरात आधीच ठरवून घ्या. गाडी सुटी केली की तिला तिप्पट जागा लागते. सोसायटीचे नियमही वाचून घ्या. बऱ्याच ठिकाणी ड्राइव्ह-वेवर उघडी चासी ठेवायला बंदी असते.

चांगले जॅक स्टँड, इंजिन उचलायचा होइस्ट, इंचातल्या पान्यांचा संच, ग्राइंडर, प्रेस. एमआयजी वेल्डिंग मशीन २२० व्होल्टचं घ्या. साध्या प्लगवरचं पत्र्याला पुरतं, चासीच्या जाडीला नाही. वेल्डिंगच्या जागेजवळ ब्रेक क्लीनरचा डबा नको. त्यात क्लोरीनवालं द्रावण असेल तर आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीन तयार होतो, म्हणजे पहिल्या महायुद्धातला विषारी वायू. ही अतिशयोक्ती नाही. पाणी तापवायचा गॅस हीटर गॅरेजमध्येच असेल तर पेट्रोलची टाकी आणि थिनर तिथे उघडू नका.

१०. कामाचा क्रम काय ठेवू? इंजिनपासून सुरुवात करू का?

सगळ्यांना तिथूनच करायची असते, आणि म्हणूनच इतकी इंजिनं स्टँडवर गंजत पडलेली दिसतात. क्रम असा: कागद, चासी, पुढचा-मागचा ॲक्सल, स्टिअरिंग, ब्रेक. चाकांवर उभी राहिली की बॉडी नुसती ठेवून बघायची, इंजिनच्या जागी रिकामा, तडकलेला ब्लॉक टांगून मापं घ्यायची. सीटवर बसा, पाय पेडलला लागतो का बघा. मॉडेल ए लहान गाडी आहे, सहा फुटी माणसाचे गुडघे डॅशला टेकतात. सगळं रंग न देता एकदा पूर्ण जोडायचं, शक्य असेल तर गल्लीत चालवायचं, मग पुन्हा सगळं सोडून रंग. हे दुहेरी काम वाटतं, पण रंगवलेल्या चासीवर ब्रॅकेट वेल्ड करण्यापेक्षा सोपं आहे.

११. चासी सरळ आहे की नाही हे घरी कसं कळणार?

ओळंब्याने. चासी चार स्टँडवर ठेवा आणि लेव्हल लावून चारही कोपरे एका पातळीत आणा. मग डाव्या-उजव्या पट्टीवर सारखी असणारी कारखान्याची भोकं शोधा: पुढच्या मेंबरजवळची, मधली, मागच्या वळणाजवळची. प्रत्येक भोकातून ओळंबा सोडा आणि जमिनीवर टोक टेकेल तिथे बारीक खूण करा. चासी बाजूला घ्या. आता जमिनीवर गाडीचा नकाशा तयार आहे. डावीकडच्या पुढच्या खुणेपासून उजवीकडच्या मागच्या खुणेपर्यंत टेप धरा, मग उलट बाजूने. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलीमीटरपर्यंतचा फरक चालतो. जास्त असेल तर चासी कधीतरी धडकून तिरकी झालेली आहे. मॉडेल ए चा व्हीलबेस १०३.५ इंच, १९३२ चा १०६. बाजूची मापं त्याच्याशीही ताडून बघा.

ही तपासणी विकत घेण्याआधी, विकणाऱ्याच्या अंगणात करता आली तर उत्तम. कुणी नाही म्हणत नाही, उलट ओळंबा बघून भाव जरा खाली येतो.

१२. गंज कसा काढू? ॲसिडमध्ये बुडवू का?

लहान भागांसाठी धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर पुरे. प्लास्टिकच्या टबात पाणी, गॅलनला चमचाभर सोडा, चार्जरची ऋण तार गंजक्या भागाला आणि धन तार भंगार लोखंडाच्या पट्टीला. भाग आणि पट्टी एकमेकांना टेकू देऊ नका. रात्रभरात गंज काळा, सुटा होऊन हाताने निघतो. चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही, हा ॲसिडपेक्षा फायदा. पट्टीच्या जागी स्टेनलेस स्टील कधीच वापरू नका, त्याने पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून दार उघडं आणि ठिणगी लांब. पाटे, स्प्रिंगा, कडक केलेले बोल्ट यात घालू नका, हायड्रोजनने ते ठिसूळ होतात.

जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. ओला पॉलिश पेपर वापरा.

१३. फ्लॅटहेड टाकू की शेव्हरोलेचं व्ही-८?

दोन्ही परंपरेत बसतात. फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-८ (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे वरचं हेड सपाट) १९३२ मध्ये आला तेव्हा २२१ घनइंच आणि ६५ हॉर्सपॉवरचा होता. १९४९ पर्यंत तो २३९ घनइंच आणि १०० वर गेला. १९५५ मध्ये शेव्हरोलेचा २६५ घनइंची आला तो थेट १६२ हॉर्सपॉवर घेऊन, आणि पोरांनी रातोरात फ्लॅटहेड काढून टाकले. त्यामुळे '१९५५ नंतरची हॉट रॉड' म्हणून शेवी अगदी खरी. १९४९ चं ओल्ड्‌समोबिल किंवा कॅडिलॅक, १९५१ चं क्रायस्लर हेमी, १९५३ चं ब्युइक नेलहेड हेही त्याच पंगतीत.

गाडी रोज चालवायची, खर्च आटोक्यात ठेवायचा तर शेवी. पण फ्लॅटहेड एकदा ऐकला की हिशेब चुकतो. प्रत्येक बाजूला चार सिलेंडर पण धूर बाहेर पडायला भोकं तीनच, मधल्या दोघांना एक भोक सामाईक. त्याच्या आवाजातली ती लंगडती गुरगुर बरीचशी तिथून येते. वर दोन स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्ब्युरेटर आणि एडेलब्रॉक किंवा ऑफेनहाउझरचं ॲल्युमिनियम मॅनिफोल्ड बसलं की बॉनेट लावायची इच्छाच राहत नाही.

१४. जुना फ्लॅटहेड विकत घेताना काय बघायचं?

तडे. व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलेंडरपर्यंत आणि हेडच्या बोल्टच्या भोकांभोवती ते हमखास असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. ब्लॉक धुऊन चुंबकीय तपासणी आणि दाबाची चाचणी करणाऱ्या मशीन शॉपमध्येच कळतं. म्हणून 'फिरतंय, चालू होतं' या शब्दावर फक्त भंगारापेक्षा थोडा जास्त भाव द्या.

ओळख सोपी आहे. प्रत्येक हेडला २१ स्टड असतील तर १९३८ पर्यंतचं, २४ असतील तर १९३८ किंवा त्यानंतरचं. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटणारा भाग) इंजिनच्या अगदी समोर कॅमशाफ्टच्या नाकावर असेल तर १९४८ पर्यंतचं. उभा वर आलेला असेल तर १९४९ ते ५३ चं. या शेवटच्या पिढीला जुना गिअरबॉक्स लावायचा तर ट्रकचं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) शोधावं लागतं. १९४९ ते ५३ च्या, फोर्ड कंपनीच्याच मर्क्युरी गाडीत चार इंच स्ट्रोकचा क्रँक असतो, फोर्डमध्ये पावणेचार. तो मर्क्युरीचा क्रँक सापडला तर सोडू नका, पुन्हा मिळत नाही.

पुन्हा बांधल्यावर जस्तवालं तेल वापरा. आजच्या साध्या तेलात जस्त कमी असतं आणि नवा कॅम पहिल्या अर्ध्या तासातच खरवडला जाऊ शकतो.

१५. फ्लॅटहेड नेहमी तापतो म्हणतात. खरं का?

जन्मदोष आहे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, आणि जळालेला वायू बाहेर जाताना ब्लॉकच्याच पोटातून, पाण्याच्या वाटांना चिकटून जातो. पण जे तापतात त्यातले बरेच मळामुळे तापतात. ओतकामाची वाळू आणि सत्तर-ऐंशी वर्षांचा गंज पाण्याच्या वाटांत साचलेला असतो. ब्लॉक उघडा असताना तारेने, उलट्या प्रवाहाने तो शेवटच्या कणापर्यंत काढा. दोन वॉटर पंप, दोन थर्मोस्टॅट, दोन्ही जागेवर हवेत; थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला ऐकू नका. टायमिंग मागे पडलं असेल तरीही इंजिन तापतं, आणि लोक उगाच रेडिएटर बदलत बसतात. युद्धापूर्वीच्या रेडिएटरला दाबाचं झाकण लावू नका, त्याचे सांधे त्या दाबासाठी नाहीत.

१६. जुने मेकॅनिकल ब्रेक ठेवले तर?

फोर्डने १९३८ पर्यंत दांड्यांचे ब्रेक दिले. नीट जुळवले तर चाळीस हॉर्सपॉवरच्या गाडीला ते चालतात. व्ही-८ ला नाही. १९३९ ते ४८ चे बारा इंची हायड्रॉलिक ड्रम हा पन्नास वर्षांपूर्वीही उपाय होता, आजही आहे. जास्त पैसे असतील तर चाळिशीतल्या लिंकनचे बेंडिक्स ब्रेक.

परंपरा एका ठिकाणी खुशाल मोडा: मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा) दुहेरी घ्या. मूळच्या एकेरीत एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी अमेरिकेत साठच्या दशकाच्या शेवटी सक्तीचा झाला. फळीखाली बसतो, कुणाला दिसतही नाही. तो चाकांपेक्षा खाली असेल तर ड्रमच्या लाइनमध्ये १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) हवा, नाहीतर पेडल पहिल्या दाबाला पोकळ लागतं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. धूळ हवेच्या नळीने उडवू नका, ओली करून पुसा.

१७. ताशी पन्नास मैलांना स्टिअरिंग भयंकर थरथरतं. काय चुकलं?

सलग ॲक्सलच्या गाडीचा हा जुना रोग. किंगपिन ढिली, टाय रॉडचे सांधे झिजलेले, चाकं असंतुलित, बेअरिंग सैल, या क्रमाने बघा. मग कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन: पाच ते सात अंश हवा. गाडी पुढून खाली आणताना आणि विशबोन (ॲक्सलला चासीशी बांधणारी दुबेळकी दांडी) कापून बाजूला बांधताना हा कोन बदलतो आणि नंतर कुणी मोजत नाही. टो-इन (पुढच्या चाकांची पुढची टोकं आत वळलेली असणं) एक अष्टमांश इंच. स्टिअरिंग डँपर लावला तर थरथर लपते, जात नाही.

स्टिअरिंगसाठी १९४८ ते ५२ च्या फोर्ड एफ-१ ट्रकचा बॉक्स सगळ्यांचा आवडता. पिटमन आर्म, स्पिंडल, ड्रॅग लिंक या स्टिअरिंगच्या भागांवर घरी वेल्डिंग करू नका. तापवून वाकवूही नका. बाकी कुठेही हात चालवा, इथे नाही.

१८. सहा व्होल्ट ठेवू की बारा करू?

सहा व्होल्ट वाईट नाही, फक्त जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग मागतो. लक्षात ठेवा, जुन्या फोर्डमध्ये धन टोक चासीला असतं. बारा केलं तर बल्ब, कॉइल, मीटर सगळ्यांचा विचार करावा लागतो. शेवी इंजिन असेल तर बाराच.

१९. छत कापून खाली आणायचं आहे. पहिल्या गाडीवर करू का?

मॉडेल ए वर करता येईल. तिचे खांब जवळजवळ उभे आहेत, तीन इंच कापून छत खाली बसवलं की टोकं जुळतात. १९३५-३६ नंतरच्या गोल गाड्यांचे खांब तिरके. छत खाली आणलं की ते आखूड पडतं, मग मधून चिरून लांबवावं लागतं. ते पहिल्या गाडीचं काम नाही. दारं बंद ठेवून, आतून आडवे-तिरके बार वेल्ड करून मगच करवत लावा. ए च्या काचा सपाट असतात, लॅमिनेटेड काच कुठल्याही काचवाल्याकडून मापाने कापून मिळते. टेम्पर्ड काच कापता येत नाही, तिचा चुरा होतो.

२०. गंजलेली, रंग न दिलेली गाडी म्हणजेच ट्रॅडिशनल ना?

नाही. ती रॅट रॉड, आणि ते वेड बरंच नंतरचं. जुन्या फोटोंत प्रायमरमधल्या गाड्या दिसतात कारण पोरांचे पैसे संपलेले असत. पैसे आले की काळा किंवा गर्द लाल लॅकर, आत गुंडाळी-शिलाईचं रेक्झिन. कवट्या, साखळ्या, बंदुकीच्या आकाराचे गिअर नॉब यातलं फारसं काही तेव्हा नव्हतं.

२१. एकूण खर्च किती? विमा मिळतो का?

ठोक आकडा सांगणारा माणूस काहीतरी विकायला बसलेला असतो. एवढं धरून चाला की चांगल्या सेडानची किंमत सहज जाते, आणि विकताना ती परत मिळेलच असं नाही. मोठे भाग डोळ्यांसमोर असतात. बजेट खातात ते बोल्ट, नळ्या, बेअरिंग, गॅस्केट आणि क्रोमवाला. विमा 'ॲग्रीड व्हॅल्यू'चा घ्या, म्हणजे किंमत आधीच ठरलेली. त्यासाठी कामाचे फोटो आणि पावत्या पहिल्या दिवसापासून जपा. बाजारातून टायर स्वस्तात मिळाले तर बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार आकडे नसतीलच, तर टायर २००० पूर्वीचा आहे, नक्षी कितीही नवी दिसली तरी.

२२. कोल्हापुरात फाउंड्री आहे, लेथ आहे, कारागीर आहेत. इकडे बनवता येईल का?

उद्यमनगरात मिळणार नाही असं मशीनकाम फारसं नाही, ते खरंच. अडचण कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसी बुकातल्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते ठामपणे सांगितलं. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची गाडी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क. पण अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. हॉट रॉड म्हणजे नेमका तोच बदल. खासगी जागेत, प्रदर्शनासाठी बनवा. रस्त्यावरची आशा ठेवू नका. आणि भारतात उरलेली जुनी फोर्ड त्यासाठी कापू नका, इथे त्या मोजक्याच आहेत.

२३. अमेरिकेत पूर्ण, न छेडलेली मॉडेल ए मिळाली तर कापायला हरकत आहे का?

मॉडेल ए पन्नास लाखांच्या जवळपास बनल्या, त्यामुळे कायद्याने किंवा संख्येने हरकत नाही. तरी माझं म्हणणं, ती रिस्टोअर करणाऱ्याला विका आणि त्या पैशांत चारी बाजूंनी लुटलेली दुसरी घ्या. हॉट रॉडला मडगार्ड, बंपर, मूळ इंजिन लागतच नाही, मग ते चांगल्या स्थितीत विकत कशाला घ्यायचं?

२४. पन्नाशीच्या दशकात कुणीतरी बनवलेली हॉट रॉड जशीच्या तशी सापडली. रंगकाम करू का?

लगेच काही करू नका. ती बनवणाऱ्याच्या घरच्यांकडे फोटो आहेत का विचारा, शर्यतीच्या पाट्या, टायमिंगची कार्डं आहेत का बघा. तसा पुरावा असलेल्या गाडीचा मूळ उडालेला रंगही नव्या रंगापेक्षा किमती असतो. यांत्रिक भागाला ही सवलत नाही. त्या काळी पुष्कळ पोरांनी शेतातल्या वेल्डिंग मशीनवर, गॅसच्या ज्योतीवर चासी जोडल्या. वरून गुळगुळीत दिसणारा सांधा आत अर्धाही भरलेला नसतो. स्टिअरिंग, विशबोन, ब्रेकच्या पेडलची ब्रॅकेट यांचा प्रत्येक जोड घासून उघडा करा, तडे दाखवणारं रंगद्रव्य मारून बघा, फोटो काढून ठेवा आणि शंका आली तिथे कापून नव्याने जोडून घ्या. कापलेला तुकडा टाकू नका, पुढच्या मालकाला हवा असतो.